अक्काचं कार्ड कुणी छापायचं?

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर नुकतंच वर केलं होतं. "आई, मावशी गेली गं…" एवढंच म्हणाली आणि हमसाहमशी रडायला लागली. सकाळी चहा घेता घेता अक्काच्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं, हे मला तुकड्यातुकड्यानं कळलं. पोरगी बोलत कमी होती आणि रडत जास्त होती. आता गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलेच आहे, तर निदान स्वतःबद्दल तरी खरं लिहिते. ते रडणं ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की मी मेल्यावर ही एवढी रडेल का? सख्खी बहीण गेल्याचं दुःख त्याच्या मागून आलं. आलं तेव्हा मात्र तिथेच दुकानाच्या पायरीवर मटकन बसले. समोरचा चहावाला पाणी घेऊन धावत आला.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण विशाखा. जळगावात आमच्या वडिलांचा, म्हणजे नानांचा, छापखाना होता. नानांच्या मागे तो तिनं चालवला, वाढवला, आणि अर्ध्या खान्देशात नाव कमावलं. लग्न केलं नाही. मी धाकटी, सुजाता. लग्न होऊन धुळ्याला आले आणि पुढे तिथे डिजिटल प्रिंटिंगचं दुकान टाकलं. प्रज्ञा माझी एकुलती एक पोर, पण राहायची मावशीकडे, जळगावला, छापखान्यात. या एका वाक्यात माझं सगळं दुखणं आलं. अक्काबद्दल आजवर पुष्कळांनी पुष्कळ चांगलं लिहिलं, बोललं. शोकसभेत तर एकेकानं असे गोडवे गायले की बस. मला तिचा हेवा वाटायचा. वाटायचा कशाला, अजून वाटतो.

लहानपणी मी तिच्यापेक्षा सरस होते. हे इथे लिहून ठेवते, कारण सांगणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. तेव्हा नानांकडे खिळे जुळवून छापायचं ट्रेडल होतं. शिशाचा एकेक खिळा म्हणजे एकेक अक्षर, आणि सगळी अक्षरं उलटी, कारण खिळा थेट कागदावर दाबला जायचा. ती उलटी जुळणी वाचायला मोठ्या माणसांनाही आरसा लागायचा. मला लागत नसे. घडाघड वाचायचे. गिऱ्हाईक आलं की नाना मुद्दाम हाक मारायचे, "सुजी, वाच गं!" मी लग्नपत्रिका वाचायचे, सभेची पत्रकं वाचायचे, आणि वाचता वाचता चूकही सांगायचे. अक्का बाजूला उभी राहून ऐकायची. तिला एक ओळ वाचायला अर्धी दुपार लागायची. नानांचा हात माझ्या डोक्यावरून फिरायचा, तेव्हा मी तिरक्या डोळ्यानं बघून घ्यायचे, तिला दिसतंय ना ते.

मग नानांनी ट्रेडल विकलं आणि नाशिकहून जुनं ऑफसेट मशीन आणलं. मशीन बसवलं त्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींना समोर उभं करून समजावलं होतं. "बघा पोरींनो, तेल आणि पाणी एकत्र नांदत नाही, एवढ्यावरच हे मशीन चालतं. ही ॲल्युमिनियमची प्लेट. हिच्यावर जिथे चित्र आहे तिथे तेलकट शाई धरते, बाकी जागेवर पाणी धरतं. पाणी असेल तिथे शाई बसत नाही. प्लेटवरचं चित्र आधी उमटतं या रबरावर, आणि रबरावरून कागदावर. प्लेट कागदाला शिवतसुद्धा नाही." मी विचारलं, "म्हणजे प्लेटवर अक्षरं कशी असतात, नाना?" नाना हसून म्हणाले, "सुलटी! प्लेटवर सुलटी, रबरावर उलटी, कागदावर पुन्हा सुलटी." झालं! सुलटं काय, सगळं गाव वाचतं. त्या दिवसापासून "सुजी, वाच गं" बंद झालं ते कायमचं.

आणि अक्काचे दिवस आले. सावद्याच्या एका केळीच्या व्यापाऱ्याची लेबलं छापायची होती आणि त्याला हवा होता घडावरच्या कच्च्या केळीचा हिरवा. नानांनी निळ्यात पिवळा मिसळून दोनदा शाई घोटली, दोन्ही वेळा त्या माणसानं मान हलवली. हा पोपटी झाला, हा शेवाळी झाला. तेव्हा अक्का पुढे झाली, पात्यानं काचेवर शाई घोटली, मध्येच कुठूनसा काळ्याचा एक ठिपका आणून त्यात मिसळला आणि बोटानं कागदावर ओढून दाखवला. व्यापारी म्हणाला, "हाच!" नानांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं ते कधी माझ्याकडे पाहायचे. "हिच्या डोळ्यात रंग आहे," असं त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला वर्षभर ऐकवलं. मला म्हणाले, "तू हुशार आहेस बेटा, तू कॉलेजात जा." कौतुक करून दाराबाहेर काढणं कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं. शाई मलाही घोटता आली असती. मला कुणी पातं हातात दिलंच नाही.

तिच्या कामात खोट काढायला मी काही कमी प्रयत्न केले नाहीत. पण चौदा एप्रिल जवळ आला की माझंही तोंड बंद व्हायचं. जयंतीच्या पोस्टरचा निळा ती अशी काढायची की भिंतीवर लागला तर रस्त्यावरचा माणूस थांबून बघायचा. तो निळा छपाईच्या नेहमीच्या चार रंगांतून, म्हणजे आकाशी, गुलाबी, पिवळा, काळ्यातून, येत नाही, त्याची शाई वेगळी घोटावी लागते. माझ्या डिजिटलमधून मी किती वेळा काढून पाहिला, दर वेळी जांभळट यायचा. धुळ्यातली आमचीच मंडळं, आमच्याच गल्लीतली पोरं, माझ्या दुकानावरून पुढे जाऊन जळगावची गाडी धरायची. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण इथे तर शेजारच्या जिल्ह्याचं येऊन विकत होतं. एकदा एक म्हातारे आबा नातीच्या लग्नाची पत्रिका करायला आले. खिशातून एक जुनी पत्रिका काढून म्हणाले, "हाई तुनी बहीणनं काम शे ना वं? आमले तसंच पाहिजे." मी म्हटलं, "आबा, तसंच पाहिजे तर तिकडेच जा ना." ते खरंच गेले.

प्रज्ञाच्या वेळी बाळंतपणाला मी माहेरी गेले. जळगावचा मे महिना… ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको. घरात एकच कूलर होता आणि तो होता छापखान्यात! का, तर कोरड्या हवेत कागद आखडतो, मग एका रंगावर दुसरा रंग नेमका पडत नाही, चित्रातल्या बाईचे ओठ गालावर जातात. म्हणून कागदाला कूलर, खिडक्यांना ओली पोती, फरशीवर पाणी, आणि घरात बाळंतीण विंझणा हलवत घामाघूम! मी बोलले तर अक्का म्हणाली, "अगं, तुला घाम आला तर तू पुसशील. कागद काय करेल?" यावर काय बोलणार, कपाळ? बाळ उकाड्यानं रडायला लागलं की ती येऊन पोरीला उचलायची आणि छापखान्यात नेऊन झोळीत टाकायची. मशीनच्या खडाक-खडाक आवाजात पोर दोन-दोन तास गाढ झोपायची. माझ्या मांडीवर मात्र टक्क जागी. पोरगी मावशीकडे पुढे कॉलेज झाल्यावर गेली असं लोक समजतात. ती गेली त्या मे महिन्यातच.

पुढे मी डिजिटल मशीन घेतलं तेव्हा मला वाटलं, आता माझी वेळ आली. ना प्लेट, ना पाणी, ना शाई घोटणं. कॉम्प्युटरवरून बटण दाबायचं आणि समोर कार्ड तयार. अक्का बघायला आली. मशीनभोवती फिरली, छापलेला कागद उजेडाकडे धरला, नखानं घासून पाहिला. मी परीक्षेच्या निकालाला आल्यासारखी तिच्या मागे मागे. ती म्हणाली, "चांगलं आहे गं, सुजे. पन्नास-शंभर कार्डांचं गिऱ्हाईक आलं तर मी तुझ्याकडेच पाठवीन. एवढ्यासाठी चार रंगांच्या चार प्लेटा करायच्या, रंग जुळेपर्यंत ढीगभर कागद वाया घालवायचा, हा वेडेपणा आहे. हजारांच्या घरात काम असेल तर ऑफसेट. एकदा मशीन लागलं की पुढे नुसता कागद सोडायचा, जितकं जास्त तितकं स्वस्त." आणि तिनं ते पाळलं. पारोळ्याकडची कितीतरी माणसं "अक्कांनी तुमच्याकडे पाठवलं" म्हणत दुकानात यायची. चांगलंच केलं की तिनं. पण दर वेळी ते वाक्य ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मोठं ताट तिच्यापुढे आणि वाटीतलं माझ्यापुढे, तेही तिनंच वाढलेलं!

प्रज्ञा बी.कॉम. झाली आणि "सुट्टीत मावशीकडे जाऊन येते" म्हणून गेली. सुट्टी संपली, पोरगी आली नाही. अक्कानं तोवर जुनं का होईना, चाररंगी मशीन आणलं होतं आणि त्यानं पोरीवर गारुड केलं. दिवाळीला यायची तेव्हा हात घासघासून धुतलेले, तरी नखांच्या कडांना निळं. जेवताना सगळं बोलणं मावशी म्हणते असं आणि मावशी म्हणते तसं. मावशी म्हणते पाणी जास्त झालं की रंग फिका पडतो, कमी झालं की प्लेट घाण धरते. एकदा मी भाजी वाढता वाढता म्हटलं, "मावशी म्हणत असेल तर मीठसुद्धा घालत नाही मी." तिचे पप्पा हसले. पोरीला कळलंही नाही मी चिडलेय ते. लोक मला म्हणायचे, अक्का बिचारी एकटी, तिला पोरीची सोबत झाली. बिचारी? मला नवरा होता, घर होतं, दुकान होतं, आणि बिचारीकडे माझी पोर होती.

म्हणून त्या सकाळी धुळ्याहून जळगावला जाताना, डोळ्यांना पदर लावलेला असताना, माझ्या मनात दोन गोष्टी पक्क्या होत्या. पोरीला घरी आणायचं. आणि अक्काच्या पुण्यानुमोदनाचं, म्हणजे आमच्या बौद्धांतल्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाचं, कार्ड मी छापायचं, माझ्या मशीनवर. दुसरी गोष्ट बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल. पण आमच्या घरात माणूस गेलं की त्याचं कार्ड घरातलाच छापणारा छापतो. आजीचं नानांनी छापलं, आईचं नानांनी छापलं, नानांचं अक्कानं छापलं. नानांच्या वेळी मी विचारलंसुद्धा होतं, तर म्हणाली, "झालं गं माझं, वाळत घातलंय." आता अक्का नव्हती. आता घरातली छापणारी मी होते.

अंत्यविधी झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी छापखान्यातच बसलो होतो, मी, प्रज्ञा आणि हमीदभाई. हमीदभाई अक्काचे बाइंडर. नानांच्या काळापासून कटिंगचं काम तेच करतात, त्यामुळे घरातलेच. मी विषय काढला. "शंभर-दीडशे कार्डं लागतील. मी आज जाते, रात्रीपर्यंत काढते, उद्या घेऊन येते." प्रज्ञा एकदम म्हणाली, "नाही. मावशीचं कार्ड मावशीच्या मशीनवरच होणार." मी म्हटलं, "का? दीडशे कार्डांसाठी चार प्लेटा? मावशीनंच शिकवलं ना, हा वेडेपणा आहे म्हणून? मावशीच्याच नियमानं हे काम माझं आहे." पोरीचा खालचा ओठ थरथरायला लागला, आणि मला… जिंकल्यासारखं वाटलं. बहिणीचं अस्थिविसर्जन व्हायचं होतं आणि मला जिंकल्यासारखं वाटत होतं. माणसाचं मन म्हणजे काय सांगावं.

मग मी दुसरंही बोलून टाकलं. "आणि हे सगळं आटपलं की घरी चल. दुकान तुझंच आहे. इथे आता कुणासाठी राहायचं?" प्रज्ञानं डोळे पुसले आणि माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "मी मावशीसाठी राहत नव्हते गं, आई. मला हे काम आवडतं. मी इथेच राहणार." शांतपणे म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मला भांडता आलं असतं. हमीदभाई उगाच उठून कटिंग मशीनवरची धूळ झटकायला लागले.

कार्ड तरी माझं, असं मी मनाशी धरून बसले होते. तेवढ्यात फोन सुरू झाले. सावद्याच्या व्यापाऱ्याच्या मुलाचा आला, की आमच्या केळी व्यापारी संघातल्या सगळ्यांना कार्ड पाहिजे, अक्कांनी आमच्या बापाचं नाव राखलं. यावलहून एक गुरुजी स्वतःच आले, त्यांना शाळाशाळांतून वाटायला हवी होती. आमच्या बुद्धविहारातल्या बायका आल्या. मंडळांची पोरं आली, प्रत्येकाला आपल्या वस्तीपुरती. हमीदभाई जाता जाता म्हणाले, "बेटा, हमारे मोहल्ल्यात पण घरोघर द्यावं लागेल. जिसके घर शादी, उसके घर अक्काची पत्रिका." मी बसल्या जागी आकडा वाढताना ऐकत होते. शंभराचे पाचशे झाले, पाचशेचे हजार, आणि चहाची वेळ होईपर्यंत तो हजारांच्या घरात गेला. एवढी कार्डं डिजिटलवर काढणं म्हणजे वेडेपणा, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक! घ्या! जिवंतपणी गिऱ्हाइकं पळवली ती पळवली, मेल्यावरही बाईनं माझ्या हातातलं काम काढून नेलं. मला हसू आलं आणि हसता हसता असं रडू फुटलं की विहारातल्या बायकांनी येऊन मला धरलं. दोन दिवसांत मी पहिल्यांदा नीट रडले ती तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रज्ञानं मशीन लावलं. मी निघून जायचं ठरवलं होतं, पण पाय निघेना, म्हणून बाकावर बसून बघत राहिले. तिनं चार रंगांच्या चार प्लेटा चढवल्या, शाई भरली, पाणी सोडलं. सुरुवातीचे कागद वायाच जातात. एकात निळा सरकलेला, एकात पिवळा डोकावतोय, अक्काच्या फोटोला दोन-दोन कडा. पोरगी वाकून स्क्रू फिरवायची, पुन्हा कागद सोडायची, काढून भिंगातून बघायची. हळूहळू चारही रंग एकमेकांवर बसले आणि कार्डावरून अक्का माझ्याकडे बघायला लागली. प्रज्ञानं एक कागद उचलला आणि उभी राहिली. छापखान्यात रीत अशी, की पहिला मनासारखा कागद आला की त्यावर कुणीतरी "पास" म्हणून सही करायची. ती सही झाल्याशिवाय पुढचा ढीग सोडायचा नाही. नाना होते तेव्हा नाना करायचे, नंतर अक्का. प्रज्ञा कागद हातात धरून इकडेतिकडे बघत होती. हमीदभाईंकडे पाहिलं, त्यांनी मान खाली घातली. मग ती माझ्यापुढे आली. "आई… पास कर."

सगळं आयुष्य मी हे वाक्य ऐकायची वाट बघितली होती. कागद घेऊन दारात उजेडाला गेले. चेहरा सुरेख आला होता, गुलाबी, तजेलदार. कुठल्याही गिऱ्हाइकानं खूश होऊन नेला असता. मी म्हटलं, "ही अक्का नाही." प्रज्ञा दचकली. "अगं, अक्का अशी गुलाबी कधी होती? सावळी होती ती. आणि गालापेक्षा कपाळ गडद. गुलाबी उतरव. काळा किंचित वर ने, निळाही जरासा." पोरीनं मशीनच्या शाईच्या चाव्या फिरवल्या, कागद सोडला, आणला. मी म्हटलं, "अजून." पुन्हा आणला. कुणी शिकवलं नव्हतं मला हे. पण त्या चेहऱ्याकडे माझ्याइतकं कुणी पाहिलेलंच नाही. नानांनी नाही, प्रज्ञानं तर नाहीच. प्रेमानं बघणारे अर्धं बघतात आणि डोळे भरून घेतात. मी लहानपणापासून टक लावून बघत आले, तिच्याकडे काय आहे जे माझ्याकडे नाही, हे शोधत. तिच्या हनुवटीवरची सावली कुठे सुरू होते ते मला झोपेतही सांगता येईल.

चौथ्या की पाचव्या कागदावर ती आली. खरीखुरी, सावळी, जराशी वैतागलेली, "लवकर आटप गं" म्हणणारी. हमीदभाईंनी पेन दिलं. मी कार्डाच्या कोपऱ्यात "पास" लिहिलं, खाली सही केली, पूर्ण नावानिशी, ठसठशीत. नाना, बघा. आता ढीग सुटणार म्हणून मी बाजूला झाले. प्रज्ञा कागद मशीनवर ठेवून त्याच्याकडे बघतच राहिली. मान थोडी वाकडी करून, एक डोळा बारीक करून, खालचा ओठ दातात धरून… थेट अक्का. काचेवर केळीचा हिरवा घोटताना अक्का हुबेहूब अशीच उभी होती. माझ्या पोरीच्या अंगात माझी बहीण उभी होती, आणि माझ्यासारखं तिच्यात काय आहे, ते मी शोधत होते. मग ती चाचरत म्हणाली, "आई, रागावू नको… पण मावशीनं अजून किंचित पिवळा मागितला असता."

मी परत कागद घेतला. दारात गेले. खूप वेळ बघितलं. एक तरी खोट सापडावी तिच्या बोलण्यात म्हणून बघितलं. सही माझी होती, ढीग माझ्या शब्दावर सुटणार होता, आणि कार्ड वाटल्यावर लोकांना काडीचा फरक कळणार नव्हता.

"वाढव," मी म्हटलं.